दहाव्या वर्षी घरात खोल्या किती?

४ फेब्रुवारी, सोमवार

मागणी आली! मला! एकसष्टाव्या वर्षी! सी मिलूद, टपाल खात्यातून निवृत्त, बायको जाऊन सहा वर्षं झाली. त्यांची बहीण लल्ला रुकय्या मागणीचा साखरेचा शंकू घेऊन दारात उभी. म्हणाल्या, "आमचा भाऊ शर्टाची बटणं मुद्दाम तोडून तुमच्याकडे शिवायला आणतो, कळलं नाही का तुम्हाला?" मी आपली समजत होते, हल्ली बाजारात दोराच वाईट येतो.

आवडतात मला. लिहून टाकते, इथे कोण वाचतंय! पण पेटीत तो विधवेचा पांढरा जेल्लाबा आहे, पायघोळ झगा. दोन नवऱ्यांसाठी दोनदा घातला, दर वेळी चार महिने दहा दिवस. पहिला फुप्फुसं जेराडाच्या कोळसा खाणीत ठेवून आला. दुसऱ्याने टॅक्सीच्या स्टिअरिंगवर मान टाकली. तिसऱ्यांदा ते पांढरं अंगावर चढवणार नाही म्हणजे नाही.

७ फेब्रुवारी

भाची इख्लास आली. विद्यापीठात आहे — कोण किती जगतं आणि का, यावर काम. पिशवीत प्रश्नांचे छापील कागद. दहाव्या वर्षी घरात खोल्या किती? माणसं किती? वडील काय करायचे? पायात काय असायचं? मग मोठेपणचं — कामावर हुकूम द्यायचात की ऐकायचात? उंची. आणि पायांची लांबी!

"लहानपणी पोटाला नीट मिळालं की पाय लांब होतात, मावशी."

"आणि आयुष्य?"

"बहुतेकदा तेही."

म्हणजे माझा पहिला नवरा खाणीने नेला तेव्हा निम्मा आधीच गेलेला होता, दहाव्या वर्षी. मी नशिबाला बोल लावत बसले. नशीब इतके रकाने भरून घेतं हे कुणी सांगितलंच नाही.

एक कागद ठेवून घेतला, सी मिलूदांसाठी. इख्लास ओरडली, "हे हजार माणसांवरून काढतात, एका माणसाला लावायचं नसतं!" मला कुठे हजारांशी लग्न करायचंय?

११ फेब्रुवारी

सी मिलूद चहाला आले. बोलता बोलता एकेक प्रश्न घुसवला. काय ती फुशारकी! बाकीचे पुरुष श्रीमंतीची मारतात, हे गरिबीची. एका खोलीत अकरा जण. शाळेत अनवाणी. वडील हमाल. "पाव आणि चहावर वाढलो, लल्ला झुलैखा!" — छाती पुढे काढून. मी मनातल्या मनात वर्षं उतरवत होते. तिसऱ्या पेल्याला बिचारे गेल्या वर्षीच वारलेले निघाले.

१२ फेब्रुवारी

रडले. या वयात. लाज वाटते.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

नकार द्यायचा म्हणून बोलावलं. तोंडाने नकार निघेना, तर म्हटलं, उभे राहा, नव्या जेल्लाब्याचं माप घेते. उंची एकशे एकोणऐंशी! कमरेपासून खाली तर टेप पुरेना. पस्तीस वर्षं या वुजदा शहरात कपडे शिवतेय, हमालाच्या मुलाचे असे पाय पाहिले नाहीत. पाव आणि चहावर? छट्! या माणसाला कुणीतरी रोज दूध पाजलंय.

नकार गिळला. कुसकुस वाढला. दोनदा घेतला त्यांनी.

१८ फेब्रुवारी

हमामात लल्ला रुकय्या भेटल्या. पाठ चोळून देते म्हटलं आणि चोळता चोळता विचारलं.

"हमाल? अहो, वडील कचेरीत मोठे कारकून! पाच खोल्या, दारात गाय, या लाडोबाला रोज अंडं. तुम्ही खाणीच्या वस्तीतल्या ना, म्हणून म्हणाला असेल. तुमच्यापुढे मिरवायला नको वाटलं असेल."

खोटारडा! माझे दोन नवरे मेले, पण माझ्यासाठी स्वतःचं आयुष्य खोटं बोलून कमी करणारा हा पहिलाच.

लल्ला रुकय्यांची पाठ लाल होईपर्यंत चोळली. आनंदाने.

२० फेब्रुवारी

इख्लासने कुरकुर करत खरी उत्तरं मांडली. अठरा वर्षं! अजून अठरा! होकार कळवला. पांढरा जेल्लाबा फाडून उशांचे अभ्रे शिवले. मऊ झालेत.

२१ फेब्रुवारी

इख्लास म्हणाली, "मावशी, आणि तुझा कागद?"

सुचलंच नव्हतं. एक खोली, नऊ माणसं. दार नव्हतं, पोतं होतं. वडील खाणीत. पायात टायरच्या चपला, त्याही ईदला. हुकूम जन्मभर ऐकले — नवऱ्यांचे, मग गिऱ्हाइकांचे, नवऱ्या मुलींच्या आयांचे. पाय? स्वतःचं कापड बेतताना मी कायम चार बोटं कमी धरते. कधी विचार केला नव्हता, का ते.

तिने बेरीज केली आणि कागद उलटा ठेवला.

"हजार माणसांवरून काढतात, मावशी."

"किती?"

"...सात."

घ्या! पांढऱ्याला घाबरून बसले होते, आणि या वेळी पांढरं माझ्या वाट्याला यायचंच नाही. पुरुषांना ते घालावं लागत नाही. म्हणून चार महिने दहा दिवसांनी त्यांचं ते सुटतही नाही. सहा वर्षं एकटा बटणं तोडत बसला हा माणूस. मी गेल्यावर परत बसेल. वाईट वाटतं फार.

२५ फेब्रुवारी

सी मिलूद आले. माझे प्रश्न बहिणीने सांगितले, कागदाचं इख्लासने. खूप हसले. मग चष्मा लावला, खिशातून तसाच कोरा कागद आणि पेन्सिल काढली. "आता माझी पाळी, लल्ला झुलैखा. मीही एकीला माती दिलीय. पुन्हा नाही जमणार मला. सांगा, दहाव्या वर्षी घरात खोल्या किती?"

झगा ओढून पाय झाकून घेतले.

"चार," म्हटलं. "आणि दारात गाय."