जुन्या जीन्सच्या पिशव्या

प्रिय आई,

साष्टांग नमस्कार. मी बरी आहे, दोन्ही वेळा जेवते. खोकलाही बराच कमी झालाय. तू डोळे तपासून घेतलेस का?

आमच्या विद्यापीठात एक गट मुलांनी टाकून दिलेल्या कपड्यांच्या पिशव्या शिवतो, मीही तिथे जाते. जीन्सवर सगळ्यांच्या सुया तुटत होत्या. मी जाड सुई लावली, टाका मोठा केला आणि पिशवी शिवून दाखवली.

"कुठे शिकलीस गं?" शिवण शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं.

तू दादाच्या जुन्या पँटीचं मला दप्तर शिवलं होतंस, आठवतं? शाळेत मी ते विकतचं म्हणून सांगायचे.

"माझी आई शिवणकाम करते, तिच्याकडे," मी सगळ्यांसमोर म्हणाले.

आता शनिवारी बाईंच्या जागी मीच सगळ्यांना शिकवणार आहे. सुरुवात कशापासून करू, ते लगेच कळव.

तुझीच,
धाकटी