पोटरीचा दम

१४ डिसें., रवि.
काल किन्हवलीला कबड्डीची फायनल हरलो. बरोबरी होती, शेवटची चढाई माझी. कोपऱ्यातलीला हात लावला, वळले, आणि डावी पोटरी दगडासारखी गोळा झाली. मध्यरेषा वीतभर राहिली. चौघींनी दाबून धरलं.
टेम्पोत मनीषा सगळ्यांसमोर म्हणाली, "पाय धरला होता तर सांगायचं होतंस." ती कॅप्टन. पाचवीपासून एका बाकावर बसलो आमी. आणि मी सांगितलं होतं. हाफटाइमला, तिच्या कानात. "एवढी मॅच काढ गो," म्हणाली होती.
पोटरी चोळत राहिले. सापगावला उतरले तर कुणी 'ये' पण म्हटलं नाय.

१८ डिसें.
प्रॅक्टिसचा मेसेज नाय. आटगावला गोडाऊनमधलं पॅकिंग उरकून सरळ मैदानात गेले. सगळ्या होत्या. मनीषा गोड बोलली, "तू आराम कर." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२१ डिसें., रवि.
मुरबाडला बाईंकडं. शाळेत आमचा खेळाचा तास घ्यायच्या, आता रिटायर. पोटरी दोन्ही अंगठ्यांनी दाबून पाहिली. "ताकद आहे, दम नाय. दोन चढाया जोरात मारतेस, दहाव्या चढाईला पाय संपतो."
म्हटलं, कामावर दिवसभर उभीच तर असते.
"उभं राहून पोटरी आखडते, तयार होत नाय."
कागदावर लिहून दिलं. पायरीवर चवडे, टाचा वर, हळूहळू खाली. एकदा गुडघे सरळ ठेवून, एकदा वाकवून. वाकवले की आतला स्नायू काम करतो, दम त्याचा. पंधराचे तीन, एक दिवसाआड.
निघताना विचारलं, "जोडीला कोण आहे?"
आहेत मुली, म्हटलं.

२५ डिसें.
ओट्याच्या पायरीवर टाचा. बाबा: "पडशील." मी: "नाय पडत." दिवसभरात घरात एवढंच बोलणं. आई गेल्यापासून असंच.

२ जाने.
पोटऱ्या इतक्या दुखतायत की गोडाऊनचा जिना आडव्या पावलांनी उतरले. टीमच्या ग्रुपवर सेल्फी आलेत, सगळ्या धुळीनं माखलेल्या. मला ग्रुपमधून काढलेलं नाय. फक्त कुणी काही विचारत नाय.

१८ जाने., रवि.
सकाळी भातसा नदीच्या काठाचा चढ चवड्यांवर, सहा वेळा. मग एका पायावर पंचवीस. डावा! पहिल्यांदाच. सांगायला वळले तर मागं कुणी नाय.

१ फेब्रु., रवि.
बाईंनी मुरबाडला बोलावलं. तिथल्या टीमला चढाईवाली हवीय. त्यांच्याबरोबर अख्खी मॅच खेळले. चौदा चढाया. पोटरी गप्प. शेवटच्या चढाईला पण पाय पहिल्यासारखाच उचलत होता.
नंतर सगळ्यांनी खिचडी खाल्ली. मुली चांगल्या आहेत. त्यांच्या जुन्या गोष्टी, त्यांचं हसणं-खिदळणं. मी पण हसले. कशावर ते कळलं नाय.
बाई म्हणाल्या, "शहापूरच्या स्पर्धेत पहिली मॅच तुमच्याच टीमशी पडलीय. मुरबाडकडून तुझं नाव द्यायचं का ते पुढच्या रविवारी संध्याकाळपर्यंत कळव."

५ फेब्रु.
मनीषा घरी आली. पाण्याचा तांब्या हातात धरून बसली. "परत ये. चढाईला कुणी नाय."
"हाफटाइमला मी सांगितलं होतं का नाय?"
तिनं तांब्या खाली ठेवला.
"सांगितलं होतंस."
"मग टेम्पोत असं का?"
"सगळ्या माझ्याकडंच बघत होत्या गो."
रडू येईल वाटलं, नाय आलं. म्हटलं, हेच त्यांच्यासमोर बोल. ती हो म्हणाली नाय. नाय पण म्हणाली नाय. जाताना चप्पल घालायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. मी थांब म्हटलं नाय.
आता वाटतंय, म्हणायला हवं होतं.

८ फेब्रु., रवि.
मैदानाच्या बांधावर बसून लिहितेय. ऊन उतरलंय. बाईंना अजून काही कळवलं नाय.
मनीषानं सगळ्यांना मधोमध गोळा केलंय. तिची पाठ माझ्याकडं. काय बोलतेय, इथवर येत नाय. मधेच थांबतेय, परत बोलतेय. प्रॅक्टिसचं बोलणं एवढं लांबत नाय कधी.
पिशवीत फोन वाजतोय. बाईच असणार.
घोळक्यातली एक वळली. माझ्याकडं बघतेय. आता दुसरी पण