स्पेनचा राजा आणि माझी पुतळ्यांची माळ

दादा, स्पेनच्या एका राजानं चारशे वर्षांपूर्वी आपले सावकार बुडवले, आणि ते वाचताना मला राग आला तो तुमचा. माझ्या भाचीच्या, म्हणजे तुमच्या नातीच्या, कॉलेजच्या पुस्तकात आहे हे. तिचं वर्ष संपलं की पुस्तकं ती माझ्या धाराशिवच्या खोलीत आणून टाकते. दुकानातल्या पुड्यांच्या कागदांवरून अक्षरं लावत मी वाचायला शिकले, तेव्हापासून हाताला लागेल ते वाचते. त्या राजाची चांदी समुद्रापलीकडून जहाजानं यायची, आणि जहाज बंदराला लागायच्या आधीच ती गहाण पडलेली असायची, कारण लढाया थांबत नव्हत्या. जर्मनीतले, इटलीतले बडे सावकार त्याला कर्ज द्यायचे. मग एक दिवस तो सांगायचा, आता देणं बंद. त्यांच्या हातात लांब मुदतीचे, कमी व्याजाचे कागद ठेवायचा. हे त्यानं पुन्हा पुन्हा केलं, आणि तरी सावकार परत द्यायला उभेच. एवढी शहाणी माणसं असं का करतात, हे मला आधी कळेना. मग कळलं. नवं दिलं नाही तर जुनंही गेलं, म्हणून देत होते. तिथं मी पुस्तक मिटलं आणि उगीचच भांडी घासत बसले.

आपल्याकडं निजामाचं राज्य होतं, दुसऱ्या महायुद्धाची वर्षं. बेंबळीतलं आपलं धान्याचं दुकान. तालुक्याच्या साहेबांचा दौरा आला की आंब्यांच्या झाडांखाली तंबू पडायचे, आणि घोड्यांच्या कडब्यापासून साहेबांच्या तुपापर्यंत सगळी रसद गावातनं जायची. पैशांच्या जागी उर्दूत लिहिलेला, मोहर मारलेला कागद यायचा. त्या दिवशी मी आतल्या दाराशी ज्वारी पाखडते आहे, आणि साहेबांचा पेशकार, त्यांचा कारकून, ओट्यावर बसून सुपारी कातरतो आहे.

"सावकार, धा घोडी हायत. माणसं तीस. उद्या सांजच्याला समदं पोचलं पायजे."

"मागल्या तीन दौऱ्यांचं अजून न्हाय मिळालं, पेशकारसाहेब."

"मिळंल की. निजाम सरकारची मोहर हाय ती. जत्रंतलं गोंदण न्हाय."

"मोहर लई झ्याक हाय. पण बाजारात ती दाखवून कुणी पोतं देत न्हाय मला."

पेशकार हसला. सुपारी तोंडात टाकून म्हणाला, "मग असं करू. तुमच्या कोठारात किती पोती हायत, ते मोजायलाच येतो चार माणसं घेऊन. साठा करणाऱ्यांवर सरकारची लई नजर हाय आजकाल."

तुम्ही उठून ज्वारीची मापं काढलीत. फ्रान्सचे राजेही हेच करायचे, दादा. देणं डोईजड झालं की कर्ज देणाऱ्यांनाच कोर्टात उभं करायचे, तुम्ही लोकांना लुटलं म्हणायचे, आणि दंडात आपलं देणं फेडून घ्यायचे. आपला पेशकार काही शिकून आला नव्हता. ज्याच्या हातात सत्ता असते, त्याला हे कुणी शिकवावं लागत नसावं.

त्याचा मला राग नाही. तो दुसऱ्याचा माणूस होता. तुम्ही माझे होतात. माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली नव्हती, तेव्हा माझा नवरा तामलवाडीत तापानं गेला. माहेरी निघताना सासूबाईंनी सोन्याच्या पुतळ्यांची माळ माझ्या पदरात बांधली. "तुझी हाय, कुणाला दिऊ नगं," म्हणाल्या. तुम्हीच ती बघून म्हणाला होतात, "ही मोडू आन् तुला सोलापूरला धाडू." तिथं बायकांना शिकवून मास्तरीण करत, राहायची सोयही होती. त्या एका बोलण्यावर मी वर्ष काढलं. आणि ती माळ तुळजापूरच्या सोनाराकडं गेली, तिचा कडबा झाला, तूप झालं, आणि साहेबांच्या तंबूत खलास झालं. वर तुम्ही मला समजावलंत, "ह्या बारीला दिलं की मागलं समदं एकदम निघंल."

काहीही निघालं नाही. पुढं निजामाचं राज्यच गेलं. नव्या कचेरीतल्या कारकुनानं कागद उलटेपालटे करून तुम्हाला परत दिले. "बाबा, ज्यांनी घेतलं त्यांना इचारा." तुम्ही घरी येऊन काय म्हणालात? "राजा देणारच व्हता गं, राज्यच ऱ्हायलं न्हाय." मरेपर्यंत तुम्ही त्या राजाची बाजू घेतलीत. माझी एकदा तरी घ्यायची होती.

त्याच पुस्तकात इंग्लंडचाही एक राजा आहे. त्यानं तिजोरी बंद केली, आणि त्याला पैसे पुरवणारे लंडनचे सोनार बुडाले. राजाचं नाव आहे, सोनारांची नावं आहेत. त्या सोनारांकडं ज्यांनी विश्वासानं ठेव ठेवली होती, त्यांच्यासाठी एक ओळ आहे, आणि तिच्यात नाव एकाचंही नाही. कुणाच्या मुलीचं होतं ते सोनं, तिचं काय ठरलं होतं, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. म्हणून मी लिहायला बसले.

पण लिहायचं तर खरं लिहावं लागतं. दादांनी न विचारता माळ नेली, असं मी सगळ्यांना सांगत आले, भाचीलासुद्धा. तुम्ही विचारलं होतं. चुलीपुढं बसून, मान खाली घालून विचारलं होतं, आणि मी लगेच उठून माळ आणून दिली. सोलापूरची मला भीती वाटत होती, दादा. एवढं मोठं गाव, अनोळखी बायका, आणि जमलं नाही तर परत येण्याची लाज. माळ गेली तेव्हा त्या रात्री मला शांत झोप लागली. हे तुम्हाला कधीच सांगितलं नाही. हा कागद पाठवायला जागा नाही, आणि भाचीच्या हाती तो लागू द्यायचं धाडस अजून मला होत नाही.