गुडाखूचा डाग

९ जानेवारी २०१९
ब्राह्मणपाऱ्यातल्या वृद्धाश्रमातल्या लताबाई गेल्या. टीबी! रिपोर्ट आला तो त्या गेल्यावर. आता त्यांच्या खोलीतल्या दोघींची तपासणी माझ्या, आरोग्यसेविकेच्या, गळ्यात – मीराबाई आणि सुशीलाबाई.

मीराबाईंचा मुलगा निरंजन त्यांना अभनपूरला घरी न्यायला एकदाचा तयार झालाय. पण अट – रिपोर्ट साफ पाहिजे. "घर में छोटा बच्चा है, दीदी." त्याचंही खोटं नाही. मीराबाईंनी तर गाठोडंसुद्धा बांधून ठेवलंय. सुशीलाबाईंना न्यायला कोणीच नाही.

१० जानेवारी
सकाळी थुंकीच्या डब्या गोळा केल्या. सुशीलाबाईंच्या डबीत गुडाखूचा तपकिरी डाग! कितीदा सांगितलं – ती तंबाखू दातांना घासायच्या आधी चूळ भरा, खोकून बेडका काढा, मग काय ते घासा! सगळ्यांसमोर झापलं. "चुकलं बाई," एवढंच म्हणाल्या.

१५ जानेवारी
सुशीलाबाईंना टीबी. मीराबाई साफ.

सुशीलाबाईंना मागच्या खोलीत हलवलं. वाटलं, रडतील. तर विचारतात काय, "मीरा जाईन न आता घरी?" रडल्या त्या मीराबाई. ऑटोत बसेपर्यंत यांचा हात सोडत नव्हत्या.

२ फेब्रुवारी
सुशीलाबाई मुकाट गोळ्या घेतात. उलट्या होतात, तरी घेतात. खोकला मात्र एकदाही ऐकला नाही मी.

११ मार्च
आज सुशीलाबाईंना म्हटलं, गुडाखू तरी सोडा आता. स्वयंपाकघरातली पिंकी हसली – "दीदी, गुडाखू तो मीरा दाई घिसती थी. ये तो छूती भी नहीं."

सुशीलाबाईंनी मान खाली घातली.

"तिले घरी जायचं होतं. मले कोन नेऊन राहिलं होतं?"

डब्या बदलल्या! आजार मीराबाईंचा आणि गोळ्या यांच्या पोटात! "त्या तयार झाल्या?" – "नाही म्हनत होती. मीच ऐकलं नाही."

ओरडावं की पाया पडावं, कळेना. दोन्ही केलं नाही. डॉक्टरांना फोन केला, गोळ्या थांबवल्या. उद्या पहिल्या बसने अभनपूर.

१२ मार्च
मीराबाई बाजेवर. नुसती हाडं उरलीत. कुशीत नातू, दीड वर्षाचा राजस. निजलेला. उचलून घेतला – अंग तव्यासारखं तापलेलं. माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि राजस खोकला.