शून्य गुणांचा हात

प्रिय अकिनदादा,

लांबूनच साष्टांग नमस्कार. मंगळवारी सकाळी साडेअकराला माझ्या आयुष्याची माती झाली. त्याआधी खुशाल होतो. तुझी कंबर कशी आहे? वहिनींना नमस्कार. (कॉलेज अर्धवट का सोडलंस, हे पुन्हा विचारू नकोस. आठ महिने संप केला प्राध्यापकांनी, आणि आळशी ठरलो मी!)

सध्या इथे लागोसात एका सौंदर्याच्या दवाखान्यात बायकांचे हात तपासतो. त्या टेबलावर पंजे मांडतात, मी भिंतीवरच्या तक्त्याशी ताडून गुण देतो. शून्य म्हणजे भरलेला, कोवळा हात; चार म्हणजे मांस झडून शिरा वर आलेला. मग झडलेलं मांस भरून काढायला डॉक्टर गुणांप्रमाणे सुया टोचतात. (तक्त्यावरचे सगळे हात गोऱ्या बायकांचे. पण विचारतो कोण!) तोंडाला मलमं फासून पस्तिशीत ठाण मांडलेल्या या बायकांची बोटांची पेरं मात्र चुगली करतात.

मंगळवारी मोरोंकेची आई आली, सोबत मोरोंके. (तीच, जिच्यापायी मला अन्न गोड लागत नाही. जेवतो, पण रागाने.) आईंचा हात सरळसरळ तीनचा. भावी जावयाच्या उमाळ्याने मी शून्य लिहिलं आणि गर्जलो, "मम्मी, हा तर तिशीतला हात!" त्या फुलल्या. पण शेजारी त्यांच्याच भजनमंडळातल्या अदेतोलाबाई, गुण तीन. दोघींत थोरली कोण, हा वीस वर्षांचा तंटा. जन्मदाखला एकीकडेही नाही.

"कागदावरच आलं की आता," अदेतोलाबाई म्हणाल्या. "धाकटे, टेक गुडघे. कर नमस्कार."

"धाकटी कुणाला गं? तुझ्या बारशाला जेवलेय मी!"

"मग हे हात कुणाचे आणलेस?"

आई माझ्यावर उलटल्या. "ए, चार लिही! आत्ताच्या आत्ता!"

आणि दादा, नको तेव्हा माझा प्रामाणिकपणा जागा झाला. म्हणालो, "चार कसे? होतात तीनच."

"म्हणजे मघाशी थापा मारत होतास?" हे मोरोंके. "आमच्या दारात पाऊल टाकू नकोस."

मीही भिंतीवरचा तक्ता ओढून भिरकावला. तरुण दिसायला पैसे मोजायचे आणि थोरलेपणासाठी झिंज्या उपटायच्या! थुंकतो असल्या सासूवर. मेलो तरी त्या घरी जाणार नाही.

तुझा,
गोके

ता.क. रविवारी बाबांना घेऊन ये. मोरोंकेच्या घरी लोटांगण घालायचंय. घरचे सगळे पुरुष पालथे पडले तरच मागणी खरी; जमिनीला टेकलेल्या माझ्या एकट्याच्या पोटाला तिथे किंमत नाही. मुलीकडे द्यायला मोठी कोनफळं आण.

ता.ता.क. बाबांना पढवून ठेव: आईंचा हात चारचाच. साडेचारचासुद्धा.

ता.ता.ता.क. रविवार फार लांब आहे. पत्र वाटेत टपालात टाकतो. चपला घातल्या, निघालो. हे बघ, दार ओढलं.