बाबांचं नाक

प्रिय चिंगे,

त्या सुताराला तू लग्नाला नकार दिलास आणि कारण काय, तर बाबांचं नाक! लहानपणापासून आपल्या घरात हेच चाललंय. नाक-कपाळ बाबांचं घेतलंस, म्हणजे त्यांचा मूत्रपिंडाचा आजारही तुझ्याच वाट्याला. मी आईच्या वळणाची, म्हणून सुटले. आत्याने ठरवलं, आपण सगळ्यांनी माना डोलावल्या. उचलली जीभ, लावली टाळ्याला!

तुझा फोन आला तशी मी कात्री खाली ठेवली, अर्धा शिवलेला कोट बाजूला सारला आणि मोबाइलवर या आजाराचं शोधत बसले. एक गृहस्थ काढा विकत होते. एक बाई म्हणे, हा आजार मुलींना होतच नाही. इतक्या ठसक्यात की क्षणभर मी खूशसुद्धा झाले. मग अक्कल आली. लिहिणारा कोण, कधीचं लिहिलंय, खाली काही विकायला ठेवलंय का, एवढं पाहिलं तरी निम्मा कचरा गळाला. उरलेलंही धड कळेना, तेव्हा बाबांचे रिपोर्ट पिशवीत घातले आणि मोठ्या दवाखान्यात आनुवंशिक आजारांबद्दल समजावून सांगणाऱ्या बाईंकडे गेले.

मी नाकाचं विचारलं तेव्हा त्या हसल्या नाहीत, हे मला फार आवडलं. चेहरा वेगळा, आजार वेगळा, म्हणाल्या. आपल्या घरातल्या या आजारात प्रत्येक अपत्याला, मुलगा असो की मुलगी, शक्यता निम्मी, आणि एकाला झाला म्हणून दुसरा सुटत नाही. पटलं मला. कापडाचा रंग बघून ते धुतल्यावर आटेल का, हे मी तरी कुठे सांगू शकते? बाबांना कळलं तेव्हा फार उशीर झाला होता गं. वेळेवर कळलं आणि रक्तदाब ताब्यात ठेवला, तर पुष्कळ काही करता येतं.

आता मुद्द्याचं. त्यांनी सुचवलेली तपासणी मी करून घेतली. आईच्या वळणाच्या, सुटलेल्या तुझ्या ताईच्या मूत्रपिंडांत गाठी आहेत. रडले, खोटं कशाला सांगू? पण दुसऱ्या दिवशी तो कोट पुरा केला. गोळी सुरू आहे, तुझे भावोजी मिठाची बरणी लपवून ठेवतात आणि मला ती सापडते. तुझं मात्र अजून काहीच ठरलेलं नाही. तपासायचं की नाही, ते तुझं तू ठरव. आरशाला विचारू नकोस. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा बाईंकडे जाणार आहे. तूही चल, त्या सुतारालाही आण. आणि नकार द्यायचाच असेल, तर तो आवडत नाही म्हणून दे.

तुझीच,
अजूनही दादागिरी करणारी
ताई