फुकट दिलं तरी नको

प्रिय साडूभाऊंस,

थोरल्या साडूचा मनापासून नमस्कार. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तुमची कंबर, धाकटीची सर्दी आणि चिरंजीवांचे दात कसे आहेत ते सवडीने कळवावे. घर कसं आहे ते कळवण्याची तसदी मात्र घेऊ नये. ते मला ठाऊक आहे, तुमच्यापेक्षा जरा जास्तच ठाऊक आहे. पण तो विषय मी या पत्रात काढणार नाही.

आता निघालाच आहे तर एक गोष्ट स्वच्छ सांगतो : मला तुमचा हेवा वाटत नाही. हिचं मत वेगळं आहे. तुमच्याकडे चहाला येऊन गेल्यावर मी दोन दिवस जेवताना अवाक्षर काढलं नाही, एवढ्यावरून तिने अनुमान काढलं. (ही अनुमानं फार चटकन काढते. मी मोजल्याशिवाय काही काढत नाही.) तुम्हाला माहीतच आहे, वजनकाटे दुरुस्त करायला मी कुणाच्या हाताखाली शिकलो नाही. सोळाव्या वर्षी एक बिघडलेला काटा उघडला, सुटे भाग चादरीवर मांडले आणि अकराव्या दिवशी तो पुन्हा चालू केला. तीन भाग उरले, पण ती बनवणाऱ्याची चूक. तर सांगायचं म्हणजे, मोठा काटा तपासताना वजन आधी चारही कोपऱ्यांवर आणि मग मधोमध ठेवून बघतात. पाची ठिकाणी काटा एकच बोलला तरच तो खरा. घरही असंच बघायचं, पाच फेऱ्या झाल्याशिवाय होकार द्यायचा नाही, असं मी ठरवलं होतं. इथेच माझा घात झाला.

पहिल्या फेरीला पुढचं दार फरशीला घासत होतं. तो आवाज मला सहन होईना. मालकीणबाई पाणी आणायला आत वळल्या, तेवढ्यात मी वरच्या बिजागरीचे तिन्ही स्क्रू आवळून टाकले. (पेचकस माझ्या खिशात असतोच, लोकांच्या खिशात रुमाल असतो तसा.) दुसऱ्या फेरीला स्वयंपाकघरातल्या खिडकीच्या खिट्टीला तेल दिलं. तिसरीला गळक्या नळाचा वायसर बदलला, चौथीला डुगडुगणाऱ्या कपाटाखाली पाचर मारली. ज्या खोटी दाखवून भाव पाडायचा, त्या एकेक करून मीच काढत होतो, आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही. त्या चौथ्या फेरीत हॉलमधल्या रिकाम्या भिंतीपुढे उभं राहून मी माझं हत्यारांचं कपाट मनातल्या मनात लावून टाकलं, आणि निघताना त्या घराला, मालकीणबाईंना नव्हे, हळूच "येतो हं" म्हणालो. घर दाखवणाऱ्या दलालाने ते ऐकलं. जिन्यात मला अडवून म्हणाला, "काका, घरावर जीव बसलाय हे मालकीणबाईंना कळलं की संपलं. तोंड कडू करा. नावं ठेवा." 

पाचव्या फेरीला मी तुम्हाला का नेलं? सल्ल्यासाठी नेलं असं तेव्हा म्हणालो होतो. खरं म्हणजे मिरवायला नेलं. आणि नेऊन काय केलं, तर नावं ठेवली. हॉल एक बोट तिरका आहे, उजेड कोता आहे, स्वयंपाकघर म्हणजे काडेपेटी आहे. मालकीणबाई ऐकत होत्या. तुम्ही मात्र एका बोटाने पुढचं दार लावलंत आणि म्हणालात, "पण दादा, दार काय सुरेख लागतं हो!" (माझं दार!) मग तुम्ही विचारलंत, "तुम्हाला नकोय का हे घर?" एकदा नाही, दोनदा विचारलंत. दलालाने माझ्या पायावर पाय दिला होता. मी म्हणालो, "छे! फुकट दिलं तरी नको."

चार दिवसांनी तुमचा फोन आला, ते घर तुम्ही घेतलंत म्हणून. तुमची काहीच चूक नाही, आणि हेच मला सोसत नाही. आयुष्यभर मी खोट शोधत आलो आणि तुमच्यात ती सापडत नाही.

त्या दिवशी चहाला आलो तेव्हा माझ्या कपाटाच्या भिंतीला तुम्ही माशांची टाकी लावलेली पाहिली. सहा मासे. खिडकीत कुंडी, त्यामुळे ती अर्धीच उघडते. चिरंजीवांनी दार पायाने ढकललं. दार काही बोललं नाही. मीही बोललो नाही, चहा छान झालाय म्हणालो.

आम्हीही घर घेतलं. हिने एकाच फेरीत, अकरा मिनिटांत पसंत केलं. घर उत्तम आहे. दारं लागतात, नळ गळत नाहीत, पाणसळ कुठेही ठेवा, बुडबुडा मधोमध. रविवारी पेचकस घेऊन मी खोल्याखोल्यांतून हिंडतो आणि परत येऊन बसतो. या घराला माझी काही म्हणता काही गरज नाही.

धाकटीला आशीर्वाद.

तुमचा (हेवा न करणारा),
थोरला साडू

ता. क. : टाकीखालचं टेबल डावीकडे कललेलं आहे. एक मासा तिरका पोहतो तो त्यामुळेच, असं माझं म्हणणं नाही.

आणखी एक : येत्या काही दिवसांत पुढचं दार पुन्हा फरशीला घासू लागेल. सुताराला बोलावू नका. तो खालून रंधा मारेल आणि दाराचं वाटोळं करेल. मला कळवा. रविवारी मी मोकळा असतो. सगळ्या रविवारी.

शेवटचं : ही खांद्यावरून वाचते आहे आणि खरं ते लिहा म्हणते आहे. वरच्या बिजागरीचा मधला स्क्रू माझ्याकडे आहे. धाकटी आतल्या खोलीत पडदे दाखवत होती तेव्हा तो माझ्या खिशात आला. टपालाने पाठवता आला असता, पण एवढीशी वस्तू वाटेत हरवायची, म्हणून स्वतःच घेऊन येतो. ही म्हणते, खुशाल बसवून या, पण येताना दुसरा काढून आणू नका. त्याबद्दल मी अजून शब्द दिलेला नाही.